बोर्ड ८०० किलोहर्ट्झवर परत परत फेल होतोय? फिल्टर मोठा करण्याआधी हे बघा

एकाच बोर्डाने मला ईएमआय चाचणीत, म्हणजे वायरींवर किती विद्युत आवाज सांडतो ते मोजणाऱ्या चाचणीत, एकाच जागी तीनदा पाडलं. जागा म्हणजे ८०० किलोहर्ट्झच्या आसपासची ती एक उभी रेघ. पहिल्यांदा फेल झालो, दुरुस्ती केली, पास झालो. सहा महिन्यांनी उत्पादनातला नग तपासायला पाठवला तर परत तीच रेघ. तीही घालवली, तर पुढच्या रिव्हिजनला पुन्हा हजर. लॅबमधला तंत्रज्ञ शेवटी म्हणाला, "सर, तुमचा बोर्ड आता मी आलेखावरून ओळखतो."

तिन्ही वेळा माझ्या मनात पहिल्यांदा एकच आलं: इनपुट फिल्टर कमी पडतोय, इंडक्टर वाढवू. पहिल्या वेळी हा विचार अर्धा बरोबर होता, दुसऱ्या वेळी अगदी उलटा होता आणि तिसऱ्या वेळी त्याचा विषयाशी काही संबंधच नव्हता. लक्षण तेच, आजार तीन. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय.

बोर्ड साधा आहे. बसच्या पुढे मार्ग दाखवणारी एलईडी पाटी असते, तिचा पुरवठा. २४ व्होल्ट बॅटरीवरून ५ व्होल्ट, ६ अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर, स्विचिंग ४०० किलोहर्ट्झ. ग्राहकाची अट सिस्पर २५ (गाड्यांमधल्या विद्युत आवाजाचं आंतरराष्ट्रीय मानक), वर्ग ५. हा वर्ग सगळ्यात कडक. मध्यम लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे ०.५३ ते १.८ मेगाहर्ट्झमध्ये, सरासरी डिटेक्टरची मर्यादा ३४ डीबी मायक्रोव्होल्ट. म्हणजे फक्त ५० मायक्रोव्होल्ट. ज्या बोर्डात २४ व्होल्ट सेकंदाला चार लाख वेळा उघडझाप करतात, त्याच्या वायरवर ५० मायक्रोव्होल्टच्या वर काही दिसता कामा नये.

४०० किलोहर्ट्झ का निवडले, तर त्यामागे हिशेब आहे. सिस्पर २५ चा लाँगवेव्हचा पट्टा ०.३ मेगाहर्ट्झला संपतो आणि मध्यम लहरींचा ०.५३ ला सुरू होतो. मधल्या मोकळ्या जागेत मूळ वारंवारता बसवली की सगळ्यात मोठी रेघ मर्यादा लागू असलेल्या पट्ट्यांच्या बाहेर राहते. पण तिची दुप्पट थेट ८०० वर, पट्ट्याच्या मधोमध येऊन बसते. (ज्यांना ही कटकटच नको असते ते २.१ मेगाहर्ट्झवर स्विच करतात आणि उष्णतेशी भांडतात.)

आधी खात्री करा की आवाज आपलाच आहे

लॅबच्या शिल्डेड खोलीत हा प्रश्न येत नाही. आपल्या बेंचवर येतो. पुण्यात लिझन (पुरवठा आणि बोर्ड यांच्या मधे बसवून वायरीवरचा आवाज मोजायची पेटी) आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर मांडून बसलात तर ७९२ किलोहर्ट्झवर एक छान बारीक रेघ दिसू शकते, आणि ती बोर्ड बंद केला तरी जात नाही. ते आकाशवाणी पुणे केंद्र. मी पहिल्या दिवशी अर्धा तास त्या रेघेच्या मागे घालवला आहे. तेव्हापासून नियम: पहिला आलेख बोर्ड बंद ठेवून घ्यायचा, सेव्ह करायचा, मगच स्विच टाकायचा.

याच शेजाराचा फायदाही घेता येतो. जुन्या बाजारातून आणलेला एक दोन बँडचा ट्रान्झिस्टर माझ्या बेंचवर कायम असतो. माझा नग प्रत्यक्षात ३९७ किलोहर्ट्झवर चालायचा, त्याची दुप्पट ७९४. ट्रान्झिस्टर ७९२ वर लावून वायरजवळ नेला की बातम्यांच्या मागे २ किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू यायची. बोर्ड तापला की वारंवारता थोडी सरकायची आणि शिट्टीचा सूर बदलायचा. आत फेराइटची कांडी असल्यामुळे रेडिओ फिरवला तर आवाज कमीजास्त होतो, त्यावरून चुंबकीय क्षेत्र कुठून निघतंय याचाही अंदाज येतो. मोजमाप म्हणून याला किंमत शून्य. पण केलेल्या बदलाचा काही परिणाम झाला की नाही, हे दहा सेकंदांत कळतं.

पहिली वेळ: कपॅसिटर कागदावर होते, बोर्डवर नव्हते

फिल्टर अगदी पुस्तकी होता. कन्व्हर्टरच्या तोंडाशी १० मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक आणि एक ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, मग ४.७ मायक्रोहेनरीचा इंडक्टर, मग कनेक्टरच्या बाजूला १० मायक्रोफॅरडचा आणखी एक सिरॅमिक.

हिशेब असा मांडला होता. बक कन्व्हर्टर इनपुटमधून प्रवाह सलग ओढत नाही. ६ अँपिअरचे चौकोनी घास घेतो, प्रत्येक आवर्तनाच्या सुमारे २१ टक्के वेळ. या चौकोनी लहरीचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा घटक, १.३ अँपिअर आरएमएस निघतो. तो कन्व्हर्टरजवळच्या २० मायक्रोफॅरडमधून गेला की ८०० किलोहर्ट्झला १३ मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे ८२ डीबी मायक्रोव्होल्ट. पुढचा इंडक्टर आणि १० मायक्रोफॅरड मिळून ६१ डीबी खातात. उरलेला भाग धन आणि ऋण वायरींवरच्या दोन लिझनमध्ये अर्धा अर्धा वाटला जातो, म्हणून आणखी ६ वजा. उत्तर १५. मर्यादा ३४. मी निवांत.

लॅबमध्ये आलं ३७.

बावीस डीबीचा फरक म्हणजे बारापटींहून जास्त. इतकी मोठी चूक सोल्डरिंगची नसते. मी आधी इंडक्टरवर संशय घेतला, तो सॅच्युरेट होतोय का, म्हणजे जास्त प्रवाहाने इंडक्टन्स गमावतोय का, ते पाहिलं. इनपुटचा सरासरी प्रवाह १.४ अँपिअर आणि इंडक्टर ४ अँपिअरचा, तेव्हा तो निर्दोष. मग कपॅसिटरच्या डेटाशीटमधला तो आलेख उघडला, जो आपण सगळे "माहीत आहे" म्हणून उघडत नाही. १२०६ आकाराचा, १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स५आर जातीचा सिरॅमिक. त्यावर २४ व्होल्ट डीसी ठेवला की उरतात सुमारे ३ मायक्रोफॅरड.

आता तोच हिशेब परत करा. कन्व्हर्टरजवळ २० ऐवजी ६, कनेक्टरजवळ १० ऐवजी ३. दोन्ही ठिकाणी तीनपटींहून जास्त घट, आणि दोन्ही घटींचा गुणाकार होतो: अकरा पट, म्हणजे २१ डीबी. १५ अधिक २१, झाले ३६. लॅबने ३७ दाखवलं होतं. हिशेब आणि मोजमाप इतकं जुळलं की मला रागच आला.

इलेक्ट्रोलिटिकचं काय, तो तर ४७ चा होता? ८०० किलोहर्ट्झला त्याचा ईएसआर, म्हणजे आतला एकसरीतला रोधच, साधारण ०.७ ओहम. शेजारी ६ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकचा अडथळा ०.०३ ओहम. या वारंवारतेला तो असून नसल्यासारखा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या भागात हेच वाक्य मला नडलं.

उपाय: कपॅसिटर १२१० आकाराचे घेतले, ज्यांच्यात २४ व्होल्टला सुमारे ५ मायक्रोफॅरड उरतात, आणि कनेक्टरच्या बाजूला एकाऐवजी दोन लावले. दोन्हीकडे खरे १० मायक्रोफॅरड झाले. हिशेबाने २१, लॅबमध्ये २३. पास. इंडक्टरला हातही लावला नाही. फक्त इंडक्टर वाढवून मी पास झालो असतो, हे खरं, कारण कमी पडत होते ३ डीबी. पण मग २१ डीबी कुठे गेले हे कधीच कळलं नसतं, आणि बॅटरी चार्जिंगला २८ व्होल्टवर गेली की कपॅसिटर आणखी आकसले असते.

दुसरी वेळ: रेघेला फुटलेले खांदे

उत्पादन सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी नेहमीच्या तपासणीला नग गेला. फेल. बोर्ड तोच, लेआउट तोच, बोर्ड बनवायची गर्बर फाइल तीच. बेंचवर लावला तर सगळं सुरळीत, ५ व्होल्ट अगदी सरळ रेषेत. लॅबमध्ये परत फेल. असं झालं की माणूस लॅबला नावं ठेवायला लागतो. मीही ठेवली.

सुटका एका बारीक गोष्टीने झाली. मध्यम लहरींच्या पट्ट्यात रिसीव्हरची बँडविड्थ (आरबीडब्ल्यू) ९ किलोहर्ट्झ असते. आलेखात ७९४ ची रेघ नेहमीपेक्षा जाड वाटत होती, म्हणून तंत्रज्ञाला म्हटलं, "जरा आरबीडब्ल्यू १ किलोहर्ट्झ करून बघू या का?" केली, आणि जाड रेघेच्या तीन रेघा झाल्या. मधे ७९४, दोन्ही बाजूंना ११ किलोहर्ट्झवर एक एक खांदा. हार्मोनिकच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर रेघा दिसल्या, तर कुणीतरी त्या वारंवारतेने आपल्या कन्व्हर्टरला हलवतंय. स्कोपचा प्रोब कन्व्हर्टरच्या इनपुट कपॅसिटरवर ठेवला. २४ व्होल्टवर ११ किलोहर्ट्झची गुबगुबीत साइन लहर झुलत होती.

हा दोष फिल्टर आणि कन्व्हर्टरच्या भांडणाचा. नियमन करणारा कन्व्हर्टर ठरलेला वॅट ओढतो. इनपुट व्होल्टेज कमी झालं की तो प्रवाह वाढवतो. साध्या रोधाच्या हे बरोबर उलटं, म्हणून इनपुटकडून तो ऋण रोधासारखा दिसतो, किंमत व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. आमच्याकडे ५७६ भागिले ३३, म्हणजे साधारण १७ ओहम, आणि तेही ऋण. दुसरीकडे फिल्टरचा ४.७ मायक्रोहेनरीचा इंडक्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३ किलोहर्ट्झला आपापसात अनुनाद करतात. त्यांचा स्वभावरोध ०.६९ ओहम, पण दमन करायला इंडक्टरच्या तारेचे २० मिलिओहम सोडले तर काही नाही. शिखरावर फिल्टरचा इंपिडन्स चढून २३ ओहमच्या पुढे जातो. १७ पेक्षा जास्त. ऋण रोध जिंकला, डोलणं सुरू.

कॅलटेकचे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ साली हीच गोष्ट मांडली: फिल्टरचा आउटपुट इंपिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इंपिडन्सपेक्षा प्रत्येक वारंवारतेला बराच खाली राहिला पाहिजे. इथे "फिल्टर मोठा करा" हा सल्ला विष आहे. इंडक्टर वाढवला की स्वभावरोध वाढतो आणि शिखर आणखी वर जातं.

पण २३ किलोहर्ट्झ कागदावर आणि ११ लॅबमध्ये, असं का? आणि बेंचवर काहीच का नाही? कारण लिझनमध्ये स्वतःचे ५ मायक्रोहेनरी असतात. दोन वायरींवर दोन लिझन, म्हणजे आपल्या फिल्टरच्या मागे आणखी १० मायक्रोहेनरी जोडले गेले. आता ही दोन मजल्यांची शिडी झाली, आणि तिचा खालचा अनुनाद ११ किलोहर्ट्झच्या जवळपास येतो. माझ्या बेंचवर अर्धा अर्धा मीटरच्या बारीक क्रोकोडाइल वायरी. त्यांचा इंडक्टन्स कमी आणि रोध जास्त, त्या रोधानेच डोलणं दाबून टाकलं होतं. लॅब खरं बोलत होती, माझा बेंच खोटं. बसमधल्या लांब हार्नेसवर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

मग सहा महिन्यांपूर्वी हे का झालं नव्हतं? बोर्ड खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी दोन रिकामे पॅड.

परचेसला फोन लावला. तिकडून अगदी सरळ उत्तर आलं, "साहेब, खर्च कमी करायच्या यादीत होता तो. शेजारी सिरॅमिक आहेतच ना समांतर? आणि मागच्या रिपोर्टमध्ये तुम्हीच लिहिलं होतं की तो असून नसल्यासारखा."

लिहिलं होतं. "८०० किलोहर्ट्झला" हे दोन शब्द पुढे होते, पण यादी करणाऱ्याने ते वाचले नसतील तर दोष त्याचा नाही. तो कपॅसिटर तिथे आवाज गाळायला नव्हताच. त्याचा तो "वाईट" ईएसआरच कामाचा होता. समांतर दमनाचा ढोबळ नियम असा: कन्व्हर्टरजवळच्या सिरॅमिकच्या किमान चौपट मूल्याचा कपॅसिटर, आणि त्याच्याबरोबर एकसरीत साधारण स्वभावरोधाइतका रोध. चौपट म्हणजे ४०, आमचे ४७. रोध ०.६९ हवा, आणि त्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर योगायोगाने ०.७ च्या जवळपास. वेगळा रोध लावायचीही गरज नव्हती. आता हे योगायोगावर ठेवलेलं नाही. ईएसआर भागागणिक बदलतो आणि गोठवणाऱ्या थंडीत कित्येक पट चढतो, म्हणून थंड चेंबरमध्येही स्कोप लावून पाहिलं. २४ व्होल्टच्या गाडीसाठी तो ६३ व्होल्टचा घेतला आहे, आणि सर्किटच्या नकाशावर त्याच्या शेजारी मराठीत लिहिलं आहे: "दमनासाठी आहे, काढू नये."

त्याचा एक जास्तीचा फायदा. फक्त सिरॅमिक असलेला बोर्ड चालू बॅटरीला खटकन जोडला की वायरचा इंडक्टन्स आणि सिरॅमिक मिळून व्होल्टेज क्षणभर दुपटीच्या जवळ नेतात. पॅड रिकामे असलेल्या नगावर मी ४४ व्होल्टचं टोक पाहिलं. कपॅसिटर परत लावला, टोक ३० च्या आत आलं.

खांदे ओळखायला लॅब लागत नाही. लिझन नसेल तर बेंचच्या पुरवठ्यात १० मायक्रोहेनरीचा, कमी रोधाचा, जाड तारेचा इंडक्टर एकसरीत घाला, पूर्ण लोड लावा, इनपुट किमान व्होल्टेजपर्यंत खाली आणा आणि स्कोप बघा. १८ व्होल्टला ऋण रोध १० ओहमच्याही खाली येतो, दोष असेल तर तिथे लपत नाही.

तिसरी वेळ: मसुरीच्या दाण्याएवढी जागा

नवीन रिव्हिजन. कपॅसिटर योग्य, दमन जागेवर, खांदे नाहीत. रेघ स्वच्छ, बारीक, आणि ४८ डीबीवर. मर्यादेच्या १४ वर.

मी अधाशासारखा फिल्टर बदलत सुटलो. इंडक्टर ४.७ चा १० केला: ४८. कनेक्टरजवळ आणखी दोन सिरॅमिक रचले: ४८. आता इथे थांबायला हवं होतं. गाळणीची जाळी दुप्पट बारीक केली आणि खाली पडणारं पीठ तसंच राहिलं, तर पीठ जाळीतून येतच नाहीये, बाजूने सांडतंय.

बाजूने सांडायच्या वाटा दोन. एक, मुख्य इंडक्टरचं चुंबकीय क्षेत्र फिल्टरच्या इंडक्टरला थेट जोडलं जाणं. ही तपासायला सोपी. फिल्टरचा इंडक्टर उपसून १८० अंश फिरवून परत लावायचा. आकडा चार-सहा डीबी हलला तर जोडणी आहे, मग त्याला दूर न्या किंवा शिल्डेड घ्या. आमचा आकडा जागचा हलला नाही.

दुसरी वाट कॉमन मोड. म्हणजे आवाज धन वायरीने जाऊन ऋण वायरीने परत येत नाही, दोन्ही वायरींनी एकाच दिशेने जातो आणि गाडीच्या सांगाड्यातून परत येतो. दोन वायरींच्या मधे लावलेला इंडक्टर-कपॅसिटरचा फिल्टर त्याला दिसतच नाही. माझ्या डोक्यात हे आलं होतं, आणि मी तपासलंही. चुकीच्या पद्धतीने. दोन्ही वायरी एका मोठ्या फेराइट टोरॉइडमधून पाच वेढे देऊन नेल्या. आकडा ४८ च राहिला, आणि मी वहीत लिहिलं, "कॉमन मोड नाही."

दोन दिवस त्या एका ओळीने खाल्ले. टोरॉइडचा अडथळा ८०० किलोहर्ट्झला चारेकशे ओहम असेल. पण आवाज ज्या उगमातून येत होता त्याचा स्वतःचा अडथळा दोन लाख ओहमच्या वर. दोन लाखांत चारशे मिळवून काय फरक पडणार? नुसता चोक लावून आकडा हलला नाही, यावरून कॉमन मोड नाही असं सिद्ध होत नाही. खरी कसोटी करंट प्रोबची: दोन्ही वायरी एकत्र प्रोबमधून न्या. डिफरन्शियल प्रवाह एकमेकांना खोडतात, उरतो तो कॉमन मोड. आमच्याकडे ७९४ वर रेघ ठसठशीत उरली.

तो उगम सापडला झाकण उघडल्यावर. मागच्या रिव्हिजनला आयसी गरम होते अशी तक्रार होती. लेआउट करणाऱ्याने स्विच नोडचं, म्हणजे स्विच आणि मुख्य इंडक्टर जिथे जोडले जातात त्या बिंदूचं, तांबं व्हियांमधून (थर जोडणाऱ्या भोकांमधून) खालच्या बाजूला उतरवलं, उष्णता पसरावी म्हणून. मेकॅनिकलवाल्याने, त्याला न विचारता, बोर्डाचा तळ आणि ॲल्युमिनियमचं झाकण यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरचा थर्मल पॅड बसवला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. पॅडच्या कोपऱ्याखाली स्विच नोडचं तांबं आलं, फार तर १० चौरस मिलिमीटर, मसुरीच्या दाण्याएवढं. पॅडचा डायलेक्ट्रिक स्थिरांक ५ धरला तर कपॅसिटन्स होतो ०.९ पिकोफॅरड.

पिकोफॅरडहून कमी! यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून आकडे देतो. स्विच नोड २४ व्होल्टने उडतो, त्याचा दुसरा हार्मोनिक ५.२ व्होल्ट आरएमएस. ०.९ पिकोफॅरडमधून ८०० किलोहर्ट्झला प्रवाह जातो २३ मायक्रोअँपिअर. दोन लिझन समांतर, या वारंवारतेला मिळून ११ ओहम. २३ गुणिले ११, सुमारे २५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ४८ डीबी. एवढा प्रवाह साध्या मल्टिमीटरवर धड दिसणारही नाही, आणि तो मर्यादेच्या पाचपट आहे.

उपाय दोन होते. झाकण आणि इनपुटची ऋण बाजू यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे प्रवाहाला लिझनकडे जाण्याऐवजी बोर्डावरच परतायची जवळची वाट मिळते. याने हिशेबाने साधारण १४ डीबी मिळतात, म्हणजे जेमतेम काठावर पास. त्यापुढे कॉमन मोड चोक लावला तर मग तो चोक खरंच काम करतो, कारण आता त्याच्या अलीकडे प्रवाहाला दुसरा रस्ता आहे. पण एका दाण्याएवढ्या तांब्यासाठी एवढा सरंजाम करणं मला पटलं नाही. स्विच नोड परत वरच्या थरावर आणला, लागेल तेवढाच, आणि पॅडखाली सगळीकडे ग्राउंडचं तांबं पसरलं. उष्णता ग्राउंडच्या तांब्यातूनही तशीच झाकणाला जाते, आयसीचं तापमान दोन अंशांनीच वाढलं. १०० नॅनोफॅरडची जागा मात्र लेआउटमध्ये रिकामी ठेवली आहे, अंगावर आलं तर असावी म्हणून. रेघ आली २४ डीबीवर.

स्प्रेड स्पेक्ट्रमची गोळी का घेतली नाही, असं तिन्ही वेळा कुणी ना कुणी विचारलं. आयसीमध्ये ती सोय आहे, एक पिन वर ओढली की काम झालं. वारंवारता थोडी मागेपुढे हलवली की रेघेची उंची कमी होते आणि रुंदी वाढते. माझा तिला विरोध नाही, पण ती अगदी शेवटी. आधी चालू केली असती तर दुसऱ्या वेळचे खांदे त्या पसरलेल्या ढिगाऱ्यात दिसलेच नसते, आणि डोलणारा बोर्ड पास होऊन बसमध्ये गेला असता.

सध्या या बोर्डावर ३० मेगाहर्ट्झच्या वर एक बसका उंचवटा शिल्लक आहे. मर्यादेच्या आत आहे, पण ३ डीबीनेच. तो स्विच नोडच्या रिंगिंगचा असावा असं वाटतंय, कारण गेटचा रोध वाढवला की तो खाली बसतो. इथे फिल्टरचा इंडक्टर उपयोगाचा नाही, ४.७ मायक्रोहेनरीचा हा भाग स्वतःच्या वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे २३ मेगाहर्ट्झच्या आसपास इंडक्टर राहायचाच बंद होतो. पुढच्या आठवड्यात स्नबर (रिंगिंग शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी) लावून बघणार आहे.